पाकट पाण्याबाहेर उडी का घेते?



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला पत्र धाडले, तेव्हा मी किमान वेतनावर किंवा माथाडी कायद्यावर बोलेन अशी त्यांची समजूत असणार. तीस वर्षे हमाल, तोलाईदार आणि जिनिंग-प्रेसिंगचे कामगार यांच्यात घालविलेल्या माणसाने दुसरे बोलावे तरी काय? मी विषय कळविला, तेव्हा एका चालकांनी फोन करून विचारले, “मासा म्हणालात ना? की मासिक?” मी म्हणालो, मासाच. आणि तोही आपल्या पैनगंगेतला नव्हे, खाऱ्या पाण्यातला. बुलढाण्याहून समुद्र रस्त्याने चारशे किलोमीटरांच्या पलीकडे. आपल्या जिल्ह्याला खारे पाणी म्हणजे लोणारचे, एवढेच ठाऊक.

हा विषय मी निवडला नाही, तो माझ्याकडे आला. मागल्या हंगामात बाजार समितीच्या आवारात दुपारच्या चहाला आम्ही बसलो होतो. आमच्यातल्या एका तरुण हमालाने आपला मोबाईल माझ्यापुढे धरला. निळ्या समुद्रातून चटईसारखे चपटे, काळे मासे एकामागून एक वर उडत होते, हवेत पंख फडफडवीत होते आणि सपकन् पोटावर पडत होते. तो म्हणाला, “भाऊ, हे कायले उड्या मारून राह्यले?” शेजारी बसलेल्या एका शिकल्यासवरलेल्या गृहस्थांनी ताबडतोब सांगून टाकले, “मजा येते म्हणून.” प्रश्न तेथेच संपला असता. पण कामगाराने प्रश्न विचारावा आणि शिकलेल्याने तो एका वाक्यात मिटवून टाकावा, हा प्रकार मी फार पाहिला आहे. मी त्या मुलाला म्हणालो, मला माहीत नाही, शोधून सांगतो. या शोधण्यात माझे सात-आठ महिने गेले. शाळा मी सातवीत सोडली, त्यामुळे शोधण्याची सवय मला वाचनालयांनीच लावली.

आधी हा प्राणी कोण ते पाहू. कोकणात याला पाकट म्हणतात. मुशी म्हणजे शार्क आणि पाकट हे एकाच कुळातले. दोघांच्याही अंगात हाड म्हणून नाही, सारा सांगाडा कूर्चेचा. आपला कान चाचपून पाहा, तसला. रोहू-कटल्याच्या पोटात हवेची पिशवी असते, तिच्या जोरावर तो पाण्यात तरंगत राहतो. पाकटाला ती नाही. त्याच्या छातीचे दोन पर डोक्याला जोडले जाऊन रुंद झाले आहेत आणि सारे शरीर भाकरीसारखे चपटे. बहुतेक पाकटे तळाच्या वाळूत अंग पुरून बसतात. त्यांच्या शेपटीवर विषारी काटा असतो. मुंबईकरांना त्याची चांगली ओळख झाली ती २०१३ च्या गणेशोत्सवात. दीड दिवसाच्या गणपतींचे विसर्जन करण्यास गिरगाव चौपाटीवर पाण्यात उतरलेल्या कित्येक भाविकांच्या पायांना पाकटांनी काटे मारले आणि त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. वर्तमानपत्रांनी त्यास हल्ला म्हटले. उथळ पाण्यात, वाळूत निजलेल्या प्राण्याच्या पाठीवर शेकडो पाय पडल्यावर त्याने काय करावे, हे मात्र कुणी लिहिले नाही. जगातल्या अनेक किनाऱ्यांवर पाकटाच्या शेपटीचे चाबूक करीत असत, हेही जाता जाता सांगतो. ते कुणाच्या हातात असत आणि कुणाच्या पाठीवर पडत, हे निराळे सांगण्याची गरज नाही.

परंतु उड्या मारणारी पाकटे ती ही नव्हेत. त्यांनी तळ सोडला आणि ती उघड्या पाण्यात राहू लागली. त्यांचे पर खऱ्या पंखांसारखे वरखाली हलतात. त्यांत दोन घराणी मुख्य. एक ठिपक्यांच्या गरुड-पाकटांचे, दुसरे मोब्यूला नावाचे. मोब्यूलाच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना शिंगांसारख्या दोन पट्ट्या असतात. जुन्या खलाशांनी ती शिंगे पाहून त्याला सैतान ठरविले. खरे पाहता त्या शिंगांनी तो पाण्यातले सूक्ष्म जीव तोंडाकडे वळवितो. सुपाने दाणे ओढावेत, तसे. मांटा हा त्याच घराण्यातला थोरला. त्याची रुंदी सात मीटरांपर्यंत आणि वजन टनाहून अधिक भरते. एवढा प्राणी माणसाला चावतही नाही, डंखही मारीत नाही. ही दोन्ही घराणी आपल्या अरबी समुद्रात आहेत. मुंबईच्या ससून डॉकवर आणि रत्नागिरीच्या मिरकरवाड्यावर ती जाळ्यांतून येतात.

त्या मुलाच्या मोबाईलमधले मासे मात्र मेक्सिकोच्या पश्चिमेकडील कॅलिफोर्नियाच्या आखातातले होते. तेथे मीटरभर रुंदीच्या एका जातीचे हजारो मासे एकत्र जमतात आणि दोन-दोन मीटर उंच उड्या घेतात. या जातीला १९८७ मध्ये ज्युसेप्पे नोतारबार्तोलो दि शारा या इटालियन शास्त्रज्ञाने नाव दिले, ते वॉल्टर मंक या समुद्रशास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ. मंक व्हिएन्नात १९१७ मध्ये जन्मले आणि अमेरिकेत २०१९ मध्ये वारले. दुसऱ्या महायुद्धात १९४४ साली नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर फौजा उतरविताना लाटा केवढ्या असतील, हा अंदाज ज्या शास्त्राने वर्तविला, ते उभे करणाऱ्यांत हे एक. लाटांचा हिशेब मांडणाऱ्याचे नाव लाटांतून वर उडणाऱ्या माशाला मिळाले, हे मला आवडले.

आता हिशेब निघालाच आहे तर आपणही एक करू. दोन मीटर उंच जायचे, तर पाण्यातून निघताना वेग किती हवा? शाळेतल्या पुस्तकातले सूत्र आहे. उत्तर येते सेकंदाला सव्वासहा मीटर, म्हणजे ताशी सुमारे साडेबावीस किलोमीटर. कुणी जवान पोरगा मलकापूरच्या रस्त्यावर सायकल दामटतो, साधारण तेवढा. हवेत राहण्याचा एकूण काळ सव्वा सेकंद. आणि काम? मासा पन्नास किलोचा धरा. आमच्या हमालाने पन्नास किलोचे पोते दोन मीटरांच्या थप्पीवर चढविले, तेवढेच. ज्वारीत जी शक्ती असते तिच्या हिशेबाने हे काम अवघ्या दोन-तीन दाण्यांचे आहे! स्नायूंत वाया जाते ते धरा, पाणी कापण्यात जाते ते धरा, तरी चांगले वीसेक दाणे. हे वाचून कुणी मालक म्हणेल, मग हमाली एवढी कसली मागता? तर पोती एक नसते, दिवसाला शेकड्यांनी असतात, आणि पाठीचा मणका ज्वारी खाऊन पुन्हा नवा होत नाही. पण माशाच्या बाबतीत हिशेबाचा अर्थ मोठा आहे. उडी दिसायला भव्य, परंतु खर्चाला स्वस्त. ज्या गोष्टीला खर्च थोडा, तिच्यापासून थोडासा लाभ झाला तरी ती निसर्गात टिकून राहू शकते. म्हणून उडीमागे काहीतरी प्रचंड कारण असलेच पाहिजे, हा आग्रह प्रथम सोडावा.

मग लाभ कोणता? शास्त्रज्ञांनी अनेक तर्क मांडले आहेत. मला जे पटले आणि जे पटले नाही, ते सांगतो.

पहिला तर्क भीतीचा. ओर्का नावाचा काळा-पांढरा शिकारी देवमासा आणि मोठ्या मुशी पाकटांना खातात. पाठलाग झाला की पाण्याबाहेर निसटावे, हे सरळ आहे. मार्च २००८ मध्ये अमेरिकेतल्या फ्लॉरिडाच्या किनाऱ्याजवळ एक गरुड-पाकट उडाले ते धावत्या नावेतील एका स्त्रीवर आदळले आणि ती बिचारी दगावली. तेव्हाही, ते एखाद्या मुशीपासून पळत असावे, असे काहींनी म्हटले. असेल. परंतु हजारो मासे तासन् तास उड्या घेत आहेत आणि आसपास शिकारी नाही, असेही दिसते. तेथे भीतीचे कारण पुरत नाही.

दुसरा तर्क अंग झटकण्याचा. पाकटाच्या अंगाला लहान परजीवी चिकटतात. शिवाय रेमोरा नावाचा एक मासा आहे, त्याच्या डोक्यावर चोषक असतो. त्याने तो मोठ्या माशाला डकवून घेतो आणि फुकट प्रवास करतो. आपल्यात अशी माणसे असतात, त्यांची नावे घेत नाही. सपाट अंग पाण्यावर आदळले की असले पाहुणे सुटू शकतात. बैल धुळीत लोळतो ते याच जातीचे. पण एवढ्यासाठी हजारोंनी एकाच वेळी उडावे का? खाज सगळ्यांना एकदम सुटते काय?

तिसरा तर्क प्रसूतीचा. मादी हवेत असताना पिलू जन्माला घालते, अशी समजूत आहे. पाकट अंडी घालून मोकळे होत नाही, ते जिवंत पिलाला जन्म देते, हे खरे. परंतु जाळ्यात सापडलेल्या माद्यांचे गर्भ घाबरून अकाली पडतात, हे मच्छीमार पाहतच असतात. धडपडणाऱ्या मादीपासून पिलू पडताना कुणी पाहिले आणि त्यावरून उडीचे कारण ठरविले, असे घडले असण्याचा संभव मला अधिक वाटतो. ते कारण नसून अपघात आहे. मुंबईत सेटना आणि सारंगधर या मत्स्यशास्त्रज्ञांनी १९४८ ते १९५० च्या सुमारास मुंबईच्या समुद्रातील मुशी-पाकटांच्या गर्भवाढीचा अभ्यास करून निबंध प्रसिद्ध केले. असले काम आपल्याकडे झालेले आहे, हे सांगण्यासाठी नावे घेतली.

चौथा तर्क मला सर्वांत दमदार वाटतो. तो आवाजाचा. पाकटाला गळा नाही. ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशियाच्या पाण्यात तळाच्या दोन जातींची पाकटे टकटक असा आवाज काढताना ध्वनिमुद्रित झाल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. तोवर ही सगळी जमात मुकीच समजत होते. मोब्यूलाचा मात्र असा आवाज ठाऊक नाही. आता पाहा, हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, पाण्यात सुमारे १५०० मीटर, आणि तेथे तो दूरवर टिकतो. गढूळ पाण्यात नजर पाच-दहा मीटरांपलीकडे पोचत नसेल, पण पोटावर मारलेला सपका दूरवर ऐकू जाईल. ज्याला हाक मारता येत नाही, त्याने सारे अंगच ढोलासारखे वाजवावे! “आम्ही येथे आहोत, इकडे या,” अशी ती हाक असू शकेल. कळप जमू लागला की उड्या वाढतात, या निरीक्षणाशी हे जुळते. पाचवा तर्क विवाहाचा, म्हणजे नराने मादीपुढे बळ दाखविण्याचा. तो चौथ्याच्याच पोटात बसू शकतो. हाक तीच, मजकूर निराळा.

येथे कुणी म्हणेल, पाचांतले खरे कोणते ते सांगा आणि मोकळे व्हा. ते आजमितीस कुणालाच निश्चित सांगता येत नाही. ते का सांगता येत नाही, हे समजून घेण्याजोगे आहे. एखाद्या जिनात संप झाला की वार्ताहर मला विचारतो, “कारण काय?” त्याला एक ओळ हवी असते. मी बोनस म्हणालो तर बोनस छापून येते. परंतु बोनस हे त्या सकाळचे कारण. त्यामागे मुकादमाची शिवी, त्यामागे रखडलेला करार, त्यामागे शेजारच्या जिनात मिळालेली वाढ. सारी खरी, फक्त निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे. प्राण्यांच्या वागणुकीबद्दल निको टिनबर्गन या शास्त्रज्ञाने १९६३ मध्ये हेच मांडले. “का” या एका शब्दात चार प्रश्न दडले आहेत, असे तो म्हणाला: शरीर हे कसे घडवून आणते, आयुष्यात ते केव्हा आणि कसे येते, त्याचा उपयोग काय, आणि वंशपरंपरेत ते कोठून आले. त्याला १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. माझ्या मते प्रत्येक लेबर कोर्टात हे चार प्रश्न भिंतीवर लिहून ठेवावेत.

आणि उड्या तरी साऱ्या एकाच कारणाच्या कशावरून? आपल्याच पाण्याकडे पाहा. पहिला मोठा पाऊस पडला, नदीला लाल पाणी आले, की मासे प्रवाहाविरुद्ध चढू लागतात आणि बंधाऱ्यावर उड्या घेतात. हे चढणीचे मासे. उथळ, नव्या पाण्यात अंडी घालायला ते निघालेले असतात. धरणात भोई बांधव जाळे ओढू लागले की कटला आणि चंदेरी म्हणजे सिल्व्हर कार्प जाळ्यावरून उडून पसार होतात, ती भीती. हाच चंदेरी अमेरिकेत १९७० नंतर नेऊन सोडला. तो इलिनॉय नदीत बेसुमार वाढला, आणि मोटारबोटीच्या घरघरीने बिथरून असा उडतो की बोटीतल्या माणसांची नाके फुटतात. एक उडी संसाराची, दुसरी जिवाच्या भीतीची. बघणाऱ्याला दोन्ही सारख्याच दिसतात. मग पाकटाच्या उडीला एकच अर्थ असावा, हा हट्ट कशासाठी?

निकाल लावायचा तर पुरावा हवा. उडणाऱ्या माशाच्या पाठीवर यंत्र बसवून, उडीपूर्वी तो किती खोलीवर होता, उडीनंतर कळपातले इतर त्याच्याकडे वळले की नाही, हे टिपावे लागेल. पाण्याखाली ध्वनियंत्रे ठेवावी लागतील. हे होऊ शकते, कोठे कोठे सुरूही आहे. पण त्यासाठी मासे शिल्लक राहिले पाहिजेत, आणि माझी खरी चिंता तेथे आहे.

मोब्यूला एका वेळी एकच पिलू देते, आणि ते सुमारे वर्षभर पोटात वाढविते. मांटाची मादी तर दोन-दोन, पाच-पाच वर्षांनी एक पिलू देते. बाजाराच्या भाषेत सांगतो: व्याज इतके थोडे की मुद्दलाला हात लावला की खाते बुडालेच. गेल्या काही दशकांत या माशांच्या कल्ल्यांतील पट्ट्यांना चीनच्या औषधी बाजारात मागणी आली. त्या औषधाचा गुण सिद्ध झालेला नाही, पण भाव सिद्ध झाला. भारत, श्रीलंका, इंडोनेशिया येथून वाळविलेल्या पट्ट्या जाऊ लागल्या. मच्छीमाराच्या जाळ्यात हा मासा बहुधा आपसूक येतो, तो त्याच्या मागे गेलेला नसतो. त्याला मांसाचा किलोमागे किरकोळ भाव मिळतो, पट्ट्यांचा नफा मधल्या साखळीत जिरतो. कापसाच्या मुलखातल्या श्रोत्यांना ही साखळी समजावून सांगण्याची गरज नाही. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारात २०१३ मध्ये मांटा आणि २०१६ मध्ये सारी मोब्यूला नियंत्रणाखाली आली. हे योग्यच झाले.

परंतु नियम मुंबई-दिल्लीच्या कागदावर होतो आणि जाळे समुद्रात असते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. त्या एकसष्ट दिवसांत खलाशाच्या घरी काय शिजते, हा प्रश्न नियम करणाऱ्याने आधी विचारावा, असे मला वाटते. तसा विचार झाल्याची उदाहरणे आहेत. मेक्सिकोच्या त्याच आखाताच्या तोंडाशी काबो पुल्मो नावाचे गाव आहे. तेथल्या मच्छीमार कुटुंबांनी स्वतःच पुढाकार घेतला आणि १९९५ मध्ये तो समुद्र राखीव झाला. त्यांनी तेथील मासेमारी बंद केली. १९९९ ते २००९ या दहा वर्षांत तेथे माशांचे एकूण वजन चौपटीहून अधिक वाढले, आणि ती कुटुंबे पाहुण्यांना समुद्र दाखवून पोट भरू लागली. आपल्या महाराष्ट्रानेही डिसेंबर २०१८ मध्ये एक चांगला निर्णय घेतला. संरक्षित समुद्री प्राणी जाळ्यात अडकला आणि मच्छीमाराने जाळे कापून त्याला जिवंत सोडले, तर जाळ्याची भरपाई म्हणून पंचवीस हजार रुपयांपर्यंत रक्कम देण्याची ती योजना. डहाणूपासून सिंधुदुर्गापर्यंत कासवे आणि बहिरी मुशी, म्हणजे व्हेल शार्क, यांना तिचा लाभ झाला. नुकसान सोसणाऱ्याच्या हातात पैसे देऊन केलेले संरक्षण टिकते, हे मी तीस वर्षांच्या वाटाघाटींवरून सांगू शकतो. रक्कम वाढवावी आणि ती लवकर मिळावी, एवढी पुस्ती मात्र जोडतो. युनियनवाला म्हणून तेवढी सवलत मला असावी.

एक काम मात्र आपल्यातले कुणीही करू शकेल. सुट्टीत पुष्कळ मंडळी मालवण-रत्नागिरीकडे जातात. तेथल्या नावाड्याला पाकटाबद्दल विचारा. त्याने जेवढे पाहिलेले असते तेवढे प्रयोगशाळेने पाहिलेले नसते, पण त्याला कुणी विचारीत नाही. आणि सुदैवाने उडी तुमच्या नजरेस पडलीच, तर मोबाईल काढण्याआधी वेळ पाहून ठेवा. एकटे होते की कळप, जवळ डॉल्फिन किंवा मुशी होती का, नावेचे इंजिन चालू होते की बंद, हे लिहा. ते पोटावर पडले की पाठीवर, हे नीट पाहा. हाक द्यायची असेल तर सपका पोटावर बसायला हवा. अंगाला एखादा लहान मासा चिकटलेला दिसला, तर पुढच्या उडीत तो तेथेच होता की सुटला होता, तेही लिहून ठेवा.